घाट चढणारीच्या मागे कोण?

लेहहून मनालीला जाणारा रस्ता ४३० किलोमीटरचा. हिमालयातल्या एकामागून एक खिंडी ओलांडत तो जातो. २२ जून २०२२ रोजी सकाळी सहा वाजता पुण्याच्या प्रीती मस्के या रस्त्यावर सायकल घेऊन निघाल्या आणि २४ जूनला दुपारी मनालीत पोचल्या. ५५ तास १३ मिनिटं! वाटेतले सगळे चढ जोडले तर सुमारे ८,००० मीटर. एकटीनं हा पल्ला मारणारी पहिली बाई म्हणून गिनीजमध्ये त्यांची नोंद झाली. तेव्हा त्यांचं वय ४५ आणि पदरी दोन मुलं. सायकल हाती धरली तीच मुळी चाळिशीच्या सुमारास, आजारपणातून आणि मनाच्या उदासीतून बाहेर पडायला.

अशी बातमी वाचली की आपल्याकडे दोन प्रकारचे उद्गार निघतात. एक, 'धन्य आहे बाई!' आणि दुसरा, 'ती पुण्याची, तिचं सगळं वेगळं.' दोन्हींनंतर पेपरची घडी होते आणि आपण भाजी निवडायला बसतो.

मैत्रिणींनो, मला त्या बातमीतली एक बारीकशी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटली. प्रीतीताई एकट्या सायकल चालवत होत्या, पण एकट्या नव्हत्या. सीमा रस्ते संघटनेनं सॅटेलाइट फोन असलेल्या दोन गाड्या आणि वैद्यकीय मदतनीस त्यांच्या दिमतीला दिले होते. उंचावर श्वास लागला तेव्हा प्राणवायू घ्यावा लागला, तो जवळ होता म्हणून घेता आला. अमेरिकेत पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत जवळपास ४,९०० किलोमीटरची एक शर्यत असते, 'रेस अक्रॉस अमेरिका'. २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी जोडीनं ती पूर्ण केली, २०१७ मध्ये आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी एकट्यानं, बारा दिवसांच्या आत. या शर्यतीत प्रत्येक सायकलस्वाराच्या मागे गाडी घेऊन माणसं असतात. त्याला 'क्रू' म्हणतात. कुणी रस्ता दाखवतं, कुणी पाण्याची बाटली पुढे करतं, कुणी ठरलेल्या वेळी खायला घालतं, कुणी 'आता दोन तास झोप' म्हणून खाली उतरवतं. पाय फक्त पायडल मारतात, बाकीचा संसार मागची गाडी ओढते.

वाचता वाचता मला हसू आलं. अहो, हे काम तर आपल्याला पाठ आहे! नवऱ्याचा डबा, मुलाची परीक्षा, सासूबाईंच्या गोळ्या, दिराच्या लग्नाची धावपळ... घरातल्या प्रत्येकाच्या शर्यतीत मागची गाडी आपलीच. प्रश्न इतकाच, की आपण घाट चढायचा म्हटलं तर आपल्या मागच्या गाडीत कोण बसणार?

हा विषय आत्ता काढायला कारण आहे. आमचं केनवड मालेगाव-मेहकर रस्त्यावरचं गाव, तालुका रिसोड, जिल्हा वाशिम. इथे बचत गटाच्या बैठकीत काही जणींनी मनातलं बोलून दाखवलं, की एकदा सायकलनं चिखलदऱ्याला जायचं. आधी हशा पिकला. 'चाळिशीत सायकल कायले पाहिजे वं माय?' असं एकीनं विचारलंही. पण हसून झाल्यावर कागद-पेन्सिल निघाली.

चिखलदरा म्हणजे आपल्या विदर्भातलं थंड हवेचं ठिकाण, समुद्रसपाटीपासून सुमारे अकराशे मीटर उंच. भीमानं कीचकाला जिथे दरीत लोटलं म्हणतात ती जागा. केनवडहून जायचं तर दोनशेच्या वर किलोमीटर. पण नुसतं अंतर सांगून भागत नाही, रस्त्याचा स्वभाव कळायला हवा. आपण वाशिमवाले पठारावर राहतो. मालेगाव, मेडशी करत पातूरच्या घाटात आलो की रस्ता खाली उतरतो आणि आपण पूर्णेच्या खोऱ्यात येतो. अकोला समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आसपास. तिथून अकोट, अंजनगाव, परतवाड्यापर्यंत सपाट काळी जमीन, सावली कमी. आणि परतवाड्याच्या पुढे सातपुड्याचा चढ सुरू. म्हणजे आधी उतार, मग भाजणारं सपाट, आणि सगळ्यात अवघड ते सगळ्यात शेवटी, पाय थकल्यावर. अकोल्यापासून मोजलं तर साधारण आठशे मीटर वर चढायचं. प्रीतीताईंच्या चढाचा हा दहावा भाग. पण आमच्यासारखीला तोच हिमालय!

आता तयारीचं. तयारी म्हटलं की लोक आधी सायकल कोणती हे विचारतात. मी आधी विचारते, वेळ कोणता?

केंद्र सरकारनं २०२४ मध्ये माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात याची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात रोज सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो, म्हणजे पावणेपाच तासांच्या वर. पुरुषांची ८८ मिनिटं. आणि हे ८८ सुद्धा जे पुरुष घरकामाला हात लावतात त्यांचे, बरं का! न लावणारे यात धरलेलेच नाहीत. अशा दिवसात सायकलचा तास कुठून येणार? बहुतेक बायका सांगतात, 'मी चारला उठेन.' ऐकायला छान वाटतं, कौतुकही होतं. पण रात्री अकराला भांडी आवरून झोपणारी बाई पहाटे चारला उठून घाटाची तयारी करू लागली तर महिन्याभरात ती आजारी पडेल. व्यायामानं स्नायू आधी थकतात, भरून येतात ते विश्रांतीत, झोपेत. झोप तोडून केलेला सराव अंगाला लागत नाही. म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. हा तास झोपेतून काढायचा नाही, कामातून काढायचा. आठवड्यातले तीन दिवस सकाळचा चहा, पाणी भरणं आणि मुलांचे डबे दुसऱ्या कुणीतरी करायचे. 'तो दुसरा कुणी' म्हणजे सून नव्हे, हेही सांगून ठेवते. नाहीतर सासू निघाली चिखलदऱ्याला आणि सुनेचे झाले ३५० मिनिटं!

इथे एक गोष्ट आवर्जून लिहिते. दिवसभर वाकून सोयाबीन सोंगणाऱ्या बाईला मी 'व्यायाम कर' म्हणणार नाही. तिच्या अंगात माझ्यापेक्षा चौपट ताकद आहे, तिला हवी ती विश्रांती आणि रास्त मजुरी. पण आमच्या गटात तिनंच पहिलं नाव दिलं. ती म्हणाली, 'कामासाठी चालतोच न आपण, एक डाव मजेसाठी जाऊ.' यावर मी काय बोलणार?

वेळेनंतर रक्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. त्याआधीच्या फेरीत ते प्रमाण ४८ टक्के होतं, म्हणजे कमी व्हायचं सोडून वाढलं. निम्म्याहून जास्त! लेह-मनाली रस्त्यावर तांगलांग ला नावाची खिंड आहे, पाच हजार तीनशे मीटरच्या वर. तिथल्या हवेत एका श्वासाला आपल्याकडच्या जेमतेम निम्मा प्राणवायू मिळतो, म्हणून तिथे दम लागतो. आपल्याकडे हवेत प्राणवायू भरपूर आहे, पण तो अंगभर पोचवायला रक्तात हिमोग्लोबिनच नाही. आठ-नऊ हिमोग्लोबिनवर जी बाई दोन मजले पाण्याची कळशी नेते, ती रोजच एखादी खिंड चढत असते. फरक एवढाच, तिच्यामागे गाडी नाही आणि तिचा फोटोही कुणी छापत नाही.

तेव्हा सायकलच्या दुकानात जाण्याआधी उपकेंद्रात जा. हिमोग्लोबिन तपासा. १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय, मग आधी औषध, घाट नंतर. आशाताईंकडे, एएनएम ताईंकडे लोहाच्या गोळ्या मिळतात. त्या पोटात जायला हव्यात, फळीवरच्या डब्यात नव्हे! आणि एक खोड मोडायची, जेवणावर लगेच चहा. चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही. त्याऐवजी लिंबू पिळा, त्यानं लोह चांगलं शोषलं जातं. चाळिशी ओलांडलेल्यांनी रक्तदाब आणि साखरही बघून घ्यावी. छातीत दुखत असेल, चढताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढचं पाऊल नाही.

खाण्याचंही असंच. आपल्याकडे बाई जेवते शेवटी, आणि जे उरेल ते. सायकलचा नियम नेमका उलटा. भूक लागण्याआधी खायचं आणि तहान लागण्याआधी प्यायचं. तास-सव्वा तासापेक्षा जास्त चालवणार असाल तर दर तासाला काहीतरी पोटात गेलं पाहिजे. एखादं केळ, राजगिऱ्याचा लाडू, गूळ-शेंगदाणे. परदेशी पाकिटांची काही गरज नाही. आपल्या आज्या प्रवासाला दशम्या बांधून द्यायच्या त्या काय उगाच? पाण्यात मीठ-साखर घालायची तर माप लक्षात ठेवा, एक लिटर पाण्याला सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त झालं तर अपायच. अकोल्याच्या पुढे पाण्याची वेगळीच गंमत आहे. पूर्णेचं खोरं म्हणजे खारपाणपट्टा, तिथल्या विहिरी-बोअरचं पाणी मचूळ. 'लागेल वाटेत कुठेतरी पाणी' या भरवशावर तिथे जायचं नाही, सोबत न्यायचं. आणि घरी परतल्यावर तासाभरात पोटभर जेवायचं, सगळ्यांचं उरकायची वाट न बघता. या एका गोष्टीसाठी घरात चार शब्द झाले तरी चालतील असं माझं मत आहे.

आता या सायकलकडे. गावात सायकली काही कमी नाहीत. मानव विकास कार्यक्रमातून शाळेतल्या मुलींना सायकली मिळतात. आठवी ते बारावी पोरी त्यावर शाळेत जातात. मग लग्न ठरतं. सायकल माहेरच्या पडवीत राहते, तिच्यावर आधी धुणं वाळतं, मग दुधाची कॅन लटकते, मग गंज चढतो. चालवता येणारी बाई असते, चालणारी सायकल असते, पण दोघींची गाठ पडत नाही. बिहारमध्ये २००६ पासून नववीच्या मुलींना सायकली दिल्या गेल्या, त्यामुळे हायस्कुलात जाणाऱ्या मुलींची संख्या चांगलीच वाढली असं अभ्यासकांनी दाखवून दिलं. शाळेपर्यंतचा रस्ता सायकलनं सोपा केला. शाळा संपल्यावर त्या मुलीला कुठे जायचं असेल, याचा विचार मात्र कोणत्याच योजनेत नाही.

तामिळनाडूतल्या पुदुकोट्टईत हा विचार झाला होता. १९९१ च्या सुमारास तिथे साक्षरता मोहीम चालू होती. जिल्हाधिकारी होत्या शीला राणी चुंकत. त्यांनी सायकल शिकणं हा साक्षरतेचाच भाग केला. शेतमजूर बाया, खाणीत दगड फोडणाऱ्या, अंगणवाडी सेविका अशा खेड्यापाड्यांतल्या हजारो, पुढे लाखभर बायका सायकल शिकल्या. लोकांनी टिंगल केली, घाणेरडं बोलले. बायकांनी ऐकून घेतलं आणि पायडल मारलं. पाणी आणणं, बाजार, मुलाला शाळेत सोडणं, सगळं एका फेरीत होऊ लागलं. लेडीज सायकली मिळेनात तेव्हा जेन्ट्स सायकलींवर बसल्या!

तेव्हा जी सायकल घरात आहे तिच्यावर सराव सुरू करा. सीटची उंची बघा. पायडल अगदी खाली असताना टाच त्यावर ठेवली तर पाय सरळ झाला पाहिजे. आपल्या बहुतेकींच्या सीट फार खाली असतात, म्हणून गुडघे दुखतात आणि दोष वयाला जातो. चेनला तेल, चाकांत पुरती हवा, दोन्ही ब्रेक लागतात ना याची खात्री. ओढणी आणि साडीचा पदर चेनमध्ये अडकून पडलेल्या बाया आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. लांब जायचं तर अंगासरशी सलवार किंवा ट्रॅकपँट घाला, कुणी काही म्हणो. गादीसारखी मऊ सीट वीस किलोमीटरपर्यंत बरी वाटते, पुढे तीच टोचते. त्यापेक्षा बेताची कडक, थोडी रुंद सीट आणि आत कापडाची गादी शिवलेली सायकलची चड्डी हा चांगला उपाय. पाळीचे दिवस असतील तर? अंगात त्राण असेल तर चालवा, नसेल तर त्या दिवशी सुट्टी. त्यात शौर्य दाखवण्यासारखं काही नाही आणि लाजण्यासारखंही नाही. वाटेत स्वच्छतागृह कुठे आहे हे मात्र आधीच हेरून ठेवावं लागतं, कारण पुरुषांसारखं झाड गाठून आपलं भागत नाही.

चिखलदऱ्याच्या चढाला मात्र गियरची सायकल हवी. मागून घ्या, जुनी घ्या, दोघींत एक घ्या. गियर म्हणजे काय हे गटात समजावताना मी विहिरीचं उदाहरण दिलं. मोठी घागर एका दमात ओढायची, की लहान कळशी चारदा? पाणी तेवढंच, पण कळशीनं कंबर मोडत नाही. चढावर हलका गियर म्हणजे कळशी. पाय जास्त वेळा फिरतात, पण प्रत्येक वेळी जोर कमी लागतो. दम लागल्यावर गियर बदलायचा नसतो, चढ दिसला की बदलायचा. आणि वेग किती ठेवायचा? शेजारणीशी बोलता येईल इतका. बोलणं तुटलं की समजायचं, आपण फार जोरात आहोत. आम्हा बायकांना हे माप फार सोयीचं! अगदीच झेपेना तर उतरून सायकल हातात धरून चालायचं. घाट चालत चढला तरी चढलाच.

उताराची भीती मला चढापेक्षा जास्त वाटते. पातूरचा घाट आपल्याला उतरताना लागतो, पहिल्याच दिवशी, आणि त्या रस्त्यावर ट्रकची वर्दळ. ब्रेक सतत दाबून धरायचा नाही, तापून निकामी होतो. थोडा दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा, दोन्ही हातांचे मिळून. वळण यायच्या आधी वेग कमी करायचा, वळणात नाही. एकीमागे एक जायचं, शेजारी शेजारी गप्पा मारत नाही. हेल्मेट, मागे लाल दिवा, अंगावर चमकणारं जॅकेट. आणि पंक्चर काढायला शिकायचं! दुकानदाराला सांगा, एक दिवस शिकव बाबा. जिला भर रस्त्यात चाक उघडून ट्यूब बदलता येते तिचा अर्धा धाक तिथेच जातो.

रस्त्यांचा एक मुद्दा आहे आणि तो प्रशासनापुढेही मांडायला हवा. आपल्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला. नागपूर-मुंबई ७०१ किलोमीटर, २०२५ मध्ये तो पूर्ण झाला. त्यावर सायकल चालत नाही, दुचाकीही नाही. एवढ्या वेगाच्या रस्त्यावर ते योग्यच. पण मग ज्या रस्त्यांवर सायकल चालते, त्यांच्या कडेला हातभर तरी धड पट्टी का नसावी? डांबराची कड जिथे वीतभर खाली तुटलेली असते, तिथे ट्रक आला की सायकलवालीनं जायचं कुठे? शाळेच्या पोरी रोज याच कडेनं जातात. त्यांना सायकल देणाऱ्यांनी ती चालवायला जागाही द्यावी.

आपली जुनी मुंबई-पुणे सायकल शर्यत तुम्हाला आठवत असेल. खंडाळ्याचा घाट जो सगळ्यांत आधी चढेल तो 'घाटाचा राजा'. घाटाची राणी असल्याचं लहानपणी काही ऐकलं नाही. ऑलिम्पिकमध्ये सायकलची रस्त्यावरची शर्यत १८९६ पासून होती, बायकांसाठी ती १९८४ मध्ये सुरू झाली. अठ्ठ्याऐंशी वर्षं! त्यानंतर मात्र मुलींनी वेळ दवडला नाही. पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ मध्ये, विशीची पोर, सुमारे २९,००० किलोमीटर सायकल चालवत जगाला फेरी मारून आली, १५९ दिवसांत. कॅनडात अस्वल मागे लागलं, स्पेनमध्ये चोरट्यांनी चाकूच्या धाकानं लुटलं, तरी तिनं फेरी सोडली नाही.

शर्यत नको असेल त्यांच्यासाठी 'ब्रेव्हे' नावाचा प्रकार आहे. फ्रान्समधून आलेला, आता आपल्याकडच्या शहरांतही होतो. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत, ६०० चाळीस तासांत. पहिला-दुसरा नंबर नाही, वेळेत आलात की झालं. बायका-पुरुषांना वेळ सारखाच. दोनशेचा हिशेब केला तर थांबे धरून ताशी पंधरा किलोमीटर. सराव असलेल्या बाईला हे अशक्य नाही. आमच्या गटाला मी एवढ्यात ते सांगितलेलं नाही, एका वेळी एकच खूळ पुरे.

तर आमचं ठरलं ते असं. सोयाबीन निघालं की नोव्हेंबरात सुरुवात. पहिल्या आठवड्यात दोनदा पाच-सात किलोमीटर आणि रविवारी पंधरा. रविवारचं अंतर दर आठवड्याला जेमतेम दहावा-आठवा भाग वाढवायचं, एकदम दुप्पट नाही, आणि दर चौथ्या आठवड्याला उलट कमी करायचं, अंग सावरायला. तुरीच्या कापणीला पंधरा दिवस मोडतील ते धरलेले आहेत. जानेवारीत एकदा पातूरचा घाट खालून वर चढून बघायचा, टेम्पोनं खाली जाऊन. तोवर रविवारची मजल चांगली वाढलेली हवी. निघायच्या आधीचा आठवडा हलका ठेवायचा. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात निघायचं, त्याच्या पुढे ऊन सोसणार नाही. पहिला मुक्काम अकोला, दुसरा परतवाडा, तिसऱ्या दिवशी उजाडताच चढ. परतीला सायकली टेम्पोत.

टेम्पो गटातल्या एकीच्या नवऱ्याचा आहे. तो तीन दिवस मागून येईल, पाणी, केळी, जास्तीच्या ट्यूब आणि औषधाची पेटी घेऊन. जानेवारीत तो एकदा सगळा रस्ता फिरून येणार, पाणी कुठे, स्वच्छतागृह कुठे, रस्ता कुठे खणलाय ते लिहून आणणार. अडचण आली तर ११२ क्रमांक सगळ्यांना पाठ करायला सांगितलाय. घरची वाटणीही कागदावर मांडली आहे. कुणाच्या घरी दूध कोण काढणार, सासऱ्यांच्या गोळ्या कोण देणार, मुलांच्या डब्याला काय. नऊ घरांपैकी सहा घरांतल्या पुरुषांनी नावापुढे सही केली. दोघे म्हणाले, बघू. एकीकडे अजून विषयच निघालेला नाही, तिच्याकडे आम्ही चौघी या रविवारी जाऊन येणार आहोत.